बिजागरी गरम असताना

कारखान्यात तिला सगळे सेकंदबाई म्हणत. तोंडावर नाही हो, तोंडावर 'मॅडम, मॅडम'. पण भिंतींना कान असतात म्हणतात, आणि कारखान्यातल्या भिंतींना तर तोंडंही असतात, त्यामुळे हे नाव तिच्यापर्यंत पोचायला आठवडाही लागला नव्हता. तिला राग आला नाही. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटलं होतं.

तिचं कामच सेकंदांचं. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, पोलादी साच्यात जोराने दाबायचे, गार करायचे आणि साचा उघडून माल काढायचा, धंदा म्हणाल तर एवढाच. पण किती तापवायचं, किती जोराने दाबायचं, किती वेळ दाबून धरायचं, किती वेळ गार करायचं, हे आकडे ठरवायला एक माणूस लागतं. त्याला प्रोसेस इंजिनिअर म्हणतात. आकडा जरा वर गेला की माल जळतो, जरा खाली आला की अर्धवट भरतो. अकरा वर्षं ती हेच करत होती, तरी साचा उघडताना बघायला तिला अजून थांबावंसं वाटे. दोनशे तीस अंशांचा तो रस, मधासारखा घट्ट, पापणी लवायच्या आत बारीकबारीक फटींतून धावतो, चारी कोपरे गाठतो, आणि वीस सेकंदांनी साचा उघडला की आत चार डब्या तयार. अंगावर एक सुरकुती नाही! ज्याला हे बघून नवल वाटत नाही त्याने खुशाल दुसरा धंदा बघावा, असं तिचं स्पष्ट मत होतं.

आठ नंबरच्या मशीनवर निघायच्या त्या डब्या गोळ्यांच्या. मधुमेहाच्या माणसाची साखर कधीकधी एकदम उतरते, हातपाय कापायला लागतात. अशा वेळी खिशातली डबी अंगठ्याने उघडायची आणि गोडाची गोळी तोंडात टाकायची. डबी आणि झाकण एकाच तुकड्यात, मध्ये कागदाएवढी पातळ पट्टी. तीच बिजागरी. खिळा नाही, पिन नाही. हजारो वेळा वाकावी आणि तुटू नये, अशी तिची ख्याती.

आणि ती तुटायला लागली होती.

डब्या घेणाऱ्या औषध कंपनीने एका बाईंचं पत्र पाठवलं होतं. 'माझे यजमान बसथांब्यावर उभे होते. हात कापायला लागले म्हणून डबी उघडायला गेले, तर झाकणच हातात आलं आणि गोळ्या रस्त्यावर. एका अनोळखी मुलीने गोळ्या वेचून एक त्यांच्या तोंडात घातली, म्हणून आज ते आहेत.' सेकंदबाईने ते पत्र इतक्या वेळा वाचलं होतं, की त्यातल्या बाईंचं अक्षरसुद्धा तिला ओळखीचं वाटायला लागलं होतं.

गेल्या चार महिन्यांपासून शंभरात सात-आठ झाकणं तुटत होती. कंपनीने कळवून टाकलं होतं, की शुक्रवारी दुपारी दोनला आमचा माणूस येईल, चारला ट्रक येईल. साचा आमच्या मालकीचा आहे, तो आम्ही घेऊन जातो. साचा गेला की आठ नंबर बंद, आणि आठ नंबर बंद म्हणजे तीन पाळ्यांतली नऊ माणसं घरी.

गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, डोक्याला ताप, की कारखान्यात एकही झाकण तुटत नव्हतं! सेकंदबाई मशीनच्या पट्ट्यावरून डबी उचले, उघडझाप करून बघे, मग ती चाचणीच्या यंत्राला लावे. ते यंत्र झाकण एकसारखं वाकवत बसे. पाच हजार वेळा, दहा हजार वेळा, पट्टी जशीच्या तशी. पाचशे डब्या तपासल्या, पाचशेच्या पाचशे पास. तिने तापमान बदललं, दाब बदलला, दाण्यांची गोणी बदलली. नाकी नऊ आले, पण दोष काही हाती लागेना.

कारखान्याच्या मुख्यांना, म्हणजे प्लांटसाहेबांना, एवढा धीर कुठला! त्यांचा स्वभाव म्हणजे पी हळद आणि हो गोरी. गुरुवारी त्यांनी टाइप केलेला अहवालच तिच्यापुढे सरकवला. "साचा झिजलाय, असं लिहिलंय. सही करा. नाहीतरी साचा त्यांचाच आहे, आपल्यावर ठपका नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी. तिने अहवाल पिशवीत घातला आणि घरी नेला.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात नवरा जेवणाचा डबा भरत होता आणि लेक ओट्याला टेकून क्लिपांच्या डबीचं झाकण टक्‌टक्‌ वाजवत होती. उघड, मिट. उघड, मिट.

"बंद कर गं ते," नवरा म्हणाला. "दोन वर्षं झाली, तुटेल तर शपथ. मी देव पाण्यात घालून बसलोय!"

सेकंदबाईने वळून पाहिलं. डबी त्यांच्याच कारखान्यातली होती. कधीतरी नमुन्यातली उरलेली तिनेच लेकीला आणून दिली होती. तिने ती लेकीच्या हातातून घेतली, उलटी केली. तळाला महिना आणि वर्ष उमटलेलं असतं. दोन वर्षं चार महिने. हाच साचा, हेच मशीन, हेच आकडे. त्यातला एकेक आकडा तिला तोंडपाठ होता.

"आई, माझ्या क्लिपा!"

"देते गं बाई, थांब जरा." तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. रोज वीस वेळा तरी ही पोर ती वाकवत असणार. म्हणजे साचा मुळात निर्दोष, आणि पोलादी साचा काही चार महिन्यांत झिजत नाही. मग गेल्या चार महिन्यांत बदललं काय? पिशवीतला अहवाल तिने काढून टेबलावर ठेवला, आणि टेबलावरच राहू दिला.

चार महिन्यांत बदललं होतं एकच, आणि ते तिनेच बदललं होतं. तोवर आठ नंबरवर दिवसपाळीला मावशी बसायच्या. एकोणीस वर्षं. बाकीच्या दोन पाळ्यांतल्या बायकाही त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. सेकंदबाईने घड्याळ लावून त्यांचं काम मोजलं होतं आणि वहीत लिहिलं होतं, 'दर फेरीला डब्यांशी चाळा, तीन सेकंद वाया.' मग डब्या उचलायला रोबो आणला. तीन सेकंद वाचले, साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली, आणि मावशींना पाठवलं क्रशरवर, म्हणजे टाकाऊ माल दळून पुन्हा दाणे करायच्या खोलीत. पण रोबो करतो काय? उचलतो आणि ठेवतो. बोटांची पकडही तिने तपासली होती, बिजागरीला ती लागतसुद्धा नव्हती.

कारखान्यात पोचल्यावर ती सरळ क्रशरच्या खोलीकडे गेली. पाळी बदलून मशीन पुन्हा सुरू होताना पहिले काही तुकडे फेकून द्यायचे असतात, ते तरी बघावेत म्हणून. बुडत्याला काडीचा आधार.

खोलीत कान फाटेल असा खडखडाट. मावशी कानात बोळे घालून स्टुलावर बसल्या होत्या. पुढ्यात नुकत्याच आणलेल्या डब्यांची टोपली. मावशी एक डबी उचलत, झाकण मिटत, उघडत, परत मिटत आणि क्रशरच्या तोंडात टाकत. दुसरी उचलत, मिटत, उघडत, मिटत, टाकत.

सेकंदबाईला आधी हसूच आलं. तिने यंत्र बंद केलं. "अहो मावशी, दळायच्या डब्या मिटताय कसल्या?"

मावशींनी बोळे काढले. पुन्हा विचारावं लागलं.

"अगं बाई, हाताची सवय. मेली जात नाही," मावशी ओशाळून म्हणाल्या. "गरम आहेत ना अजून! गरम असताना दोनदा वाकवलं की ऐकतात. गार झाल्या की हट्टी होतात. मग कुणी पहिल्यांदा वाकवायला गेलं की कच्चकन मोडतात."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगतंय कोण? पहिल्या वर्षी सुया ठेवायला टाकाऊतली एक मागून नेली होती, ती मोडली. दुसरी नेली ती काही मोडेना. मग आठवलं, दुसरी मी गरम असतानाच मिटली होती. म्हटलं, असं आहे होय! तेव्हापासून सगळ्याच मिटायला लागले."

"मग रोबो आला तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले की." मावशींच्या आवाजात राग नव्हता, तोच जास्त झोंबला. "म्हटलं, मॅडम, हा यंत्राचा हात डब्या मिटत नाही हो. तुम्ही घड्याळ बघत होतात. म्हणालात, ते औषध कंपनीतले पॅकिंगवाले मिटतील."

सेकंदबाईला एक वाक्य आठवलं. म्हणजे मावशींचं नाही, स्वतःचंही नाही. आठवलं ते पुस्तकातलं. 'पातळ बिजागरी साच्यातून निघताच गरम असताना वाकवावी.' परीक्षेत पाच मार्कांना आलं होतं, आणि पाचही मिळाले होते! अकरा वर्षांपूर्वी लिहिलेलं ते उत्तर चार महिन्यांपूर्वीपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर रोज आठ तास घडत होतं, आणि तिने त्याला नाव दिलं होतं चाळा.

आणि तपासणी? तीही आता लख्ख दिसली. पाचशे डब्या तिने मशीनवरून गरम गरम उचलल्या होत्या आणि उघडझाप करून पाहिल्या होत्या. तपासता तपासता तीच त्या पक्क्या करत होती! जिला जिला तिचा हात लागला ती पास, आणि जिला लागला नाही ती खोक्यात बंद होऊन, गार होऊन बसथांब्यावर पोचली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं, आणि क्रशरच्या कडेला हात टेकून ती तशीच उभी राहिली.

"मॅडम, पाणी देऊ का?" मावशींनी विचारलं.

"नको. चला माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

रोबो बंद झाला. चार महिन्यांनी मावशी आठ नंबरपुढे बसल्या. पहिल्या दोन फेऱ्या त्यांचा हात जरा अडखळला, तिसऱ्या फेरीला लागला. आज सेकंदबाईच्या हातात घड्याळ नव्हतं, ती नुसती बघत होती, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की दोन्ही वाकणं सारखी नाहीत. पहिलं हळू, अंगठा पट्टीवर ठेवून, झाकणाला समजावल्यासारखं. दुसरं चटकन. एक डबी मावशींनी मिटून उघडली आणि बाजूला टाकली.

"ती का टाकली?"

"कच्ची लागली हाताला."

सेकंदबाईने ती डबी भिंगाखाली नेऊन पाहिली. पट्टीच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढा हवेचा बुडबुडा होता. कारखान्यातल्या एकाही मोजपट्टीला तो सापडला नसता.

मग तिने शंभर डब्या मावशींकडून मिटवून घेतल्या, आणि शंभर चिमट्याने अलगद उचलून, न वाकवता, वाहत्या पाण्यात गार केल्या. न वाकवलेल्या शंभर तिने एकेक मिटून पाहिल्या. आठ मोडल्या. मावशींच्या शंभरातली एकही नाही. साडेअकराला तिने मावशींच्या तीन डब्या चाचणीच्या यंत्राला लावल्या.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिला राहवेना. प्रयोगशाळेत दोन काळसर काचा असतात. त्यांच्यामध्ये आरपार दिसणारं प्लास्टिक धरलं आणि मागे दिवा लावला, की त्याच्या पोटातला ताण रंगांत दिसतो. तिने आधी न वाकवलेली डबी धरली. पट्टीच्या जागी मळकट, गढूळ डाग होते, एक इकडे, एक तिकडे. मग तिने मावशींची डबी धरली.

पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघा, निळी, सोनेरी, जांभळी, पुन्हा निळी, एकीला एक लागून, एवढ्या स्वच्छ की कुणी बसून ओढल्यासारख्या. प्लास्टिक म्हणजे शेवटी लांबच लांब धागे, डोळ्यांना न दिसणारे. रस आत शिरताना ते गुंततात. गरम असताना वाकवलं की ते पट्टीत सरळ होतात, वेणी घालण्याआधी केस विंचरून घेतो ना, तसे. हे सगळं तिला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि असं समोर उजळलेलं बघणं वेगळं. एका बाईने अंगठ्याने, बोलता बोलता, कोट्यवधी धागे ओळीत लावले होते. एकोणीस वर्षं दर वीस सेकंदांनी चार डब्यांत लावले होते. सेकंदबाई दुसरी डबी धरून बघत राहिली, मग तिसरी. प्रत्येकीत त्याच रेघा.

दोनला पाहुणे आले. बारीक चष्मा, बारीक आवाज, हातात जाड फाईल. प्लांटसाहेबांनी खुर्ची पुढे केली, घसा साफ केला. "आमच्या इंजिनिअर मॅडमनी बारकाईने अभ्यास केलाय. साचा झिजलाय, असा त्यांचा..."

"साचा झिजलेला नाही," सेकंदबाई म्हणाली. "चूक माझी आहे. आमच्या एक मावशी डब्या गरम असताना दोनदा वाकवत होत्या. मला ते वाया जाणारे तीन सेकंद वाटले. मी ते काढून टाकले. मावशींनी मला सांगितलंही होतं, मी ऐकलं नाही. त्या बसथांब्यावरच्या गृहस्थांची डबी माझ्यामुळे मोडली."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण तिने बघितलं नाही.

पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दाखवा," म्हणाले.

तिने दाखवलं. न वाकवलेल्या गार डब्यांची नवी टोपली त्यांच्यापुढे ठेवली. ते स्वतः एकेक मिटायला लागले. नववीचं झाकण त्यांच्या हातात आलं. ते हातात आलेलं झाकण त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. मग ती त्यांना चाचणीच्या यंत्रापाशी घेऊन गेली. मावशींच्या तिन्ही डब्या अजून वाकतच होत्या. आकडा बावीस हजारांच्या पुढे गेला होता.

"एरवी लोक साच्यावरच ढकलतात," पाहुणे म्हणाले. "पंधरा वर्षं हेच करतोय मी. 'माझं चुकलं' असं आज पहिल्यांदा ऐकलं." त्यांनी फोन काढला आणि ट्रकवाल्याला परत जायला सांगितलं. "साचा इथेच राहील. पण गेल्या चार महिन्यांतला सगळा माल परत घ्यायचा, आणि यापुढे प्रत्येक डबी गरम असताना मिटली गेली पाहिजे. आणि त्या मावशी मशीनवर हव्यात."

"रोबोला शिकवू की!" साहेब घाईघाईने म्हणाले.

"शिकवू कधीतरी," सेकंदबाई म्हणाली. "कच्ची डबी हाताला कशी लागते, हे आधी आपल्याला कळू दे."

पाहुणे गेल्यावर साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं काय करायचं ते सोमवारी माझ्या केबिनमध्ये ठरवू." तिने मान हलवली. सोमवारी जे होईल ते होईल. नऊ माणसं उद्या कामावर येणार होती, आणि तिला त्याहून मोठं एक काम उरलं होतं.

मावशी प्रयोगशाळेच्या दारात घुटमळल्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत कधी आल्याच नव्हत्या.

"पायातलं बाहेर काढू का?"

"काही नको. या, बसा. मावशी, आधी मला माफ करा."

"अहो, काय हे! एवढ्या शिकलेल्या तुम्ही..."

"शिकले होते हो. बघितलं नव्हतं. तुम्ही आता हे बघा." तिने काचा लावल्या, दिवा लावला आणि मावशींनी सकाळी मिटलेली एक डबी मध्ये धरली.

मावशी वाकल्या. आधी त्यांना काही कळलं नाही, मग त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. रंग त्यांच्या चेहऱ्यावर पडले होते.

"हे काय आहे?"

"ही बिजागरी. आतून. हे तुम्ही वाकवल्यामुळे झालंय."

"मी?"

"तुम्ही. प्रत्येक डबीत. ही बघा न वाकवलेली." तिने गढूळ डागांची डबी धरली, मग परत पहिली. मावशींनी ती तिच्या हातातून घेतली, स्वतः काचांमध्ये धरली, हळूहळू फिरवली. डोळे भरले तसे त्यांनी ते मनगटाने पुसले आणि पुन्हा बघायला लागल्या.

"एकोणीस वर्षं," त्या म्हणाल्या, "घरी कुणी विचारलं, काय काम करतेस, तर मी म्हणायचे, काही नाही गं, डब्या काढते आणि खोक्यात टाकते."

सेकंदबाईने टोपलीतली दुसरी डबी उचलली आणि मावशींच्या हातात दिली.